दोन दोरांचा नियम

शिडाच्या नौकेची सुरक्षितता ज्या भागांवर अवलंबून असते, त्यांतले बरेचसे हाताच्या टप्प्याबाहेर, डोलकाठीच्या शेंड्याला असतात. पस्तीस-चाळीस फुटी नौकेची डोलकाठी साधारण १५ मीटर उंच असते. भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या ५६ फुटी नौकेची डोलकाठी तर २५ मीटरची आहे. ही नौका गोव्यात दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. अशा प्रवासात एखादी पिन ढिली झाली, तर ती पाहायला दुसरे कोणी येत नाही. नौकेवरच्याच कोणालातरी वर जावे लागते.

म्हणूनच डोलकाठीवर चढणे हे खलाशाचे धाडस न मानता देखभालीचे एक नेहमीचे काम मानले पाहिजे. नेहमीच्या कामाला पद्धत असते, आणि या कामाची सारी पद्धत एका नियमावर उभी आहे: जमिनीपासून सुटलेल्या माणसाला प्रत्येक क्षणी दोन स्वतंत्र आधार हवेत. एक निकामी झाला तरी दुसऱ्याने त्याला धरून ठेवले पाहिजे. पुढे येणारी साधने, गाठी आणि सूचना या नियमातून निघतात.

शेंड्यावर काय असते

शीड वर चढवणाऱ्या दोराला हॅलयार्ड म्हणतात. तो शेंड्यातल्या एका चाकावरून वळून खाली येतो. हे चाक अडकले किंवा त्याची कड धारदार झाली, की दोर नेमका तिथेच कातरू लागतो. डोलकाठीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, म्हणजे स्टे आणि श्राउड, वरच्या टोकाला पिनांनी अडकवलेल्या असतात. त्या पिना सरकू नयेत म्हणून त्यांच्या भोकात छोटी स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवलेले असतात. ही क्षुल्लक किमतीची वस्तू तुटली आणि मुख्य पिन हळूहळू बाहेर आली, तर सबंध डोलकाठी कोसळू शकते.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा समज समुद्रावर टिकत नाही. तारेचे टोक ज्या नळीत दाबून बसवलेले असते, तिथे खारे पाणी शिरते पण हवा पुरेशी पोचत नाही. अशा फटीत स्टीलवरचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि धातू आतून खाल्ला जातो. बाहेर दिसतो तो फक्त तांबूस डाग किंवा बारीक चीर. ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि स्टीलचे स्क्रू यांच्यामध्ये खारे पाणी आले, की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. हे सारे खालून दिसत नाही. जवळ जाऊन, बोट फिरवून पाहावे लागते.

याशिवाय शेंड्याला दिवे, वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारे यंत्र आणि व्हीएचएफ रेडिओची अँटेना असते. अँटेना इतक्या उंचावर लावण्यामागे पृथ्वीची गोलाई आहे. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. २ मीटर उंचीवरच्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज ६ किलोमीटरच्या आत संपते, तर १६ मीटरवर ते साधारण १६ किलोमीटरपर्यंत जाते. संकटात मदत मागायचा आवाज किती दूर पोचेल, हे शेंड्यावरच्या एका जोडणीवर अवलंबून असते. ती जोडणी खाऱ्या हवेत गंजते आणि कधीतरी दुरुस्त करावीच लागते.

उंचीचा हिशेब

कोकण-गोव्यात पाडेली ज्या माडांवर चढतात, तेही १५-२० मीटरचे असतात. फरक एवढाच, की माडाची मुळे जमिनीत असतात आणि डोलकाठीची नौका पाण्यावर. खाली नौका दहा अंश कलली, तर १५ मीटरवरचा शेंडा बाजूला सुमारे २.६ मीटर सरकतो. नौका दोन्ही बाजूंना डुलत असेल, तर शेंड्याचा झोका ५ मीटरच्या पुढे जातो. एक हेलकावा पाच सेकंदांत पुरा होत असेल, तर दोन्ही टोकांना शेंड्यावरच्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या चाळीस टक्क्यांएवढे आडवे बल जाणवते. ८० किलोच्या माणसाला कोणीतरी ३२-३३ किलोंच्या जोराने डोलकाठीपासून खेचावे आणि पुढच्या क्षणी तिच्यावर आदळावे, असे दर पाच सेकंदांनी होत राहते. खाली डेकवर जो हेलकावा लक्षातही येत नाही, तो वर माणसाला जखमी करू शकतो. त्यामुळे शेजारून वेगाने जाणारी एखादी मोटरबोटही वरच्या माणसासाठी संकट ठरते.

पडण्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. १५ मीटरवरून पडणारी वस्तू पावणेदोन सेकंदांत ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने डेकवर आदळते. हे माणसाला लागू आहे, तसेच हातातून सुटलेल्या पान्यालाही. म्हणून वर कोणी असताना डोलकाठीच्या पायथ्याशी उभे राहायचे नाही. दोर ओढणाऱ्यांनीही हेल्मेट घालून बाजूला उभे राहायचे. वर नेलेले प्रत्येक हत्यार वीतभर दोरीने पिशवीला किंवा पट्ट्याला बांधलेले हवे.

तिसरा हिशेब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वरच्या चाकावरून आलेल्या दोराने खालून माणसाला ओढले, की चाकाच्या एका बाजूला त्याचे वजन असते आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच ओढणाऱ्याचा ताण. ८० किलोचा माणूस लटकला, की चाकावर किमान १६० किलोंचा भार येतो. घर्षणाचा आणि झोक्यांचा भार वेगळा. डोलकाठीच्या आत पक्क्या पिनेवर बसलेले चाक हा भार सहज पेलते. पण शेंड्याबाहेर शॅकलने टांगलेली कप्पी तेवढी भरवशाची नसते. म्हणून माणसाचा मुख्य दोर शक्यतो मुख्य शिडाचा हॅलयार्ड असावा. बाहेरच्या कप्पीवरचा दोर दुसऱ्या, सुरक्षा-दोराच्या कामासाठी ठेवावा.

आधी ठरवायचे: चढायचे की नाही

अनेकदा न चढताही काम होते. चांगल्या दुर्बिणीतून खालूनच बरेच तपासता येते. हॅलयार्डला कॅमेरा बांधून वर पाठवला, तर पिनांची आणि चाकांची जवळून छायाचित्रे मिळतात. नौका दुरुस्तीसाठी बाहेर काढलेली असेल, तर क्रेनने डोलकाठी उतरवून जमिनीवरच प्रत्येक सांधा पाहणे सर्वांत उत्तम. लहान, हलक्या नौकांच्या बाबतीत तर दुसरा विचारच नको. १० मीटर उंचीवरचा माणूस अशा नौकेचा गुरुत्वमध्य इतका वर नेतो, की ती कलंडू शकते. त्यांची डोलकाठी आडवी करूनच काम करायचे.

चढायचेच असेल, तर नौका शांत धक्क्यावर घट्ट बांधलेली असावी. वारा कमी असलेली वेळ निवडावी. आपल्या किनाऱ्यावर ती बहुधा सकाळची असते. समुद्रातले वारे दुपारनंतर जोर धरतात. शेजारच्या नौकांना कल्पना द्यावी. रडार बंद करावे आणि रेडिओवरून प्रक्षेपण होणार नाही याची खात्री करावी. वर जाणाऱ्याने कामाची यादी करून घ्यावी आणि लागणारे सगळे एकाच पिशवीत भरावे. विसरलेली वस्तू आणायला खाली उतरून पुन्हा चढण्यात थकवा वाढतो, आणि थकलेल्या हातांकडून चुका होतात. म्हणून पिशवीसाठी वेगळी दोरी सोबत न्यावी. तिने राहिलेले साहित्य खालून वर ओढता येते.

कशात बसायचे, कशाने बांधायचे

जुन्या काळापासून चालत आलेली बोसन्स चेअर म्हणजे लाकडी फळी किंवा कापडी आसन. तिच्यात तास-दीड तास बसून काम करता येते. पण झोक्यात माणूस उलटला तर तो तिच्यातून निसटू शकतो. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर चढणारे वापरतात तो हार्नेस माणसाला सोडत नाही, पण त्यात जास्त वेळ लटकले की मांड्यांचा रक्तप्रवाह अडतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही एकत्र वापरायचे: बसायला आसन आणि आत हार्नेस. मुख्य दोर आसनाला, सुरक्षा-दोर हार्नेसला. दोन दोर, दोन वेगळी चाके, खाली अडकवायची दोन वेगळी ठिकाणे.

हॅलयार्डच्या टोकाला शिडासाठी पटकन उघडणारे स्नॅप शॅकल असते. माणसाला त्यात अडकवू नये. त्याची खुंटी एखाद्या दोरीत किंवा पट्ट्यात अडकून खेचली जाऊ शकते. दोर हार्नेसच्या कड्यातून थेट ओवून बोलाइन किंवा आठाची गाठ मारावी आणि टोक हातभर लांब सोडून तेही बांधून टाकावे. गाठ दोराची ताकद बरीच कमी करते, अनेकदा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त. पण १० मिलिमीटरचा चांगला पॉलिस्टर दोर दोन टनांच्या आसपास भार घेत असल्याने माणसासाठी उरलेली ताकद पुरेशी असते. प्रश्न असतो तो उन्हाने ठिसूळ झालेल्या आणि एका जागी घासलेल्या दोराचा. हॅलयार्ड चढण्याआधी पूर्ण लांबीचा हातातून फिरवून पाहायला हवा. टोकाला पातळ दोरी बांधून तो खाली ओढून घेतला, की हे सहज करता येते.

सुळक्यांवरच्या गिर्यारोहकांना इथे एक सवय बदलावी लागते. त्यांचा डायनॅमिक दोर पडणाऱ्याला थांबवताना लांबतो आणि झटका पचवतो. शिडाचा दोर मुद्दाम न ताणणारा बनवलेला असतो, कारण लांबणारा हॅलयार्ड शीड सैल पाडतो. डायनीमा जातीचा दोर तर जवळपास ताणतच नाही. ८० किलोचा माणूस १ मीटर ढिलाईतून पडला आणि दोराने त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर त्याला सरासरी वजनाच्या अकरा पट झटका बसतो. थांबण्याला अर्धा मीटर मिळाला, तर तो तीन पटीवर येतो. म्हणून सुरक्षा-दोरात कधीही ढील राहू द्यायची नाही. मुख्य दोर जितका वर सरकेल, तितकाच दुसरा दोर खालच्याने लगोलग आवळत राहायचा.

विंचपाशी उभी माणसे

सर्वांत विश्वासाची पद्धत तीन माणसांची: एकजण वर, एकजण मुख्य दोराच्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या ड्रमवर, आणि एकजण सुरक्षा-दोरावर. चौथा मिळाला, तर एकाने विंचचे हँडल फिरवायचे आणि दुसऱ्याने दोराचे टोक ओढायचे.

विंचच्या ड्रमभोवती दोराचे किती वळसे घ्यायचे, याला भौतिकशास्त्राचे स्पष्ट उत्तर आहे. गोल ड्रमभोवती घेतलेल्या प्रत्येक वळशाने घर्षण गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.१५ धरला, तर ८० किलोंचा भार एका वळशानंतर हाताला ३१ किलोंचा लागतो, दोन वळशांनंतर १२, तीन वळशांनंतर ५ आणि चार वळशांनंतर २ किलोंहूनही कमी. म्हणून किमान चार वळसे. आणि भार असताना त्यांतला एकही वळसा काढायचा नाही, कारण एक वळसा कमी होणे म्हणजे हातावरचा भार क्षणात अडीच पटीहून अधिक वाढणे.

माणूस हव्या त्या उंचीवर पोचला, की दोर डेकवरच्या जॅमरमध्ये, म्हणजे दोर दाबून धरणाऱ्या पकडीत, अडकवायचा, विंचवरचे वळसे तसेच ठेवायचे आणि टोक वेगळ्या खुंट्याला बांधायचे. एकट्या जॅमरवर माणूस सोडायचा नाही. पातळ दोर त्यातून घसरतो, आणि जाता-येता कोणाच्या तरी हाताने त्याची खिट्टी उघडूही शकते.

विजेवर चालणारी विंच यासाठी वापरू नये. हँडल फिरवणाऱ्या हाताला दोर अडकल्याचे लगेच जाणवते. मोटरला जाणवत नाही. वळसे एकमेकांवर चढून अडकले किंवा बटण वेळेवर सुटले नाही, तर ती वरच्या माणसाला शेंड्यातल्या चाकावर खेचत राहते. अशा अपघातांत माणसे गंभीर जखमी झाली आहेत.

चढण सुरू करण्याआधी माणसाला डेकपासून हातभर उचलून दोन्ही दोरांवर आलटून पालटून पूर्ण भार टाकून पाहायचा. गाठ, आसन, चाक, विंच यांच्यातला दोष तिथेच दिसला, तर तो फक्त पुन्हा बांधण्याचा प्रश्न असतो. शब्दही आधी ठरवायचे: ‘वर’, ‘खाली’, ‘थांब’ आणि ‘बांधले’. खालच्याने प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच कृती करायची. ‘सोड’ हा शब्द मात्र कोणत्याही कारणाने वापरायचा नाही.

एकट्याने चढताना

मदतीला कोणी नसेल, तर दोन वाटा आहेत. पहिली कप्प्यांची. शेंड्यापर्यंत चार पदरी कप्प्यांचा संच नेऊन त्याच्या खालच्या टोकाला स्वतःला बांधायचे आणि दोर स्वतःच ओढायचा. बसलेला माणूसच ओढत असल्याने वजन पाच पदरांत वाटले जाते. ८० किलोच्या माणसाला घर्षण नसते, तर १६ किलोंचा जोर पुरला असता. प्रत्यक्षात तो २० ते २५ किलोंपर्यंत जातो. मात्र १५ मीटरसाठी ७५ मीटर दोर लागतो.

दुसरी वाट गिर्यारोहकांची. हॅलयार्ड डेकला घट्ट बांधून ताणायचा आणि दोन पकडींच्या आधाराने त्यावर चढायचे. एक पकड हार्नेसला, दुसरी पायाच्या फासाला. पायावर उभे राहून वरची पकड सरकवायची, तिच्यावर बसून खालची सरकवायची. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये लोकांपुढे ठेवलेली गाठ हे काम फक्त पातळ दोरीने करते. ती मुख्य दोराहून पातळ असावी लागते, १० मिलिमीटरच्या दोरावर ६ मिलिमीटरची. पुढे १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या अडॉल्फ यूसी आणि वॉल्टर मार्टी यांनी जुमार हे दातेरी यंत्र बनवले. यूसींना गरुडांच्या अभ्यासासाठी कडे चढावे लागत, आणि त्या गरजेतून ते जन्माला आले. आज सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांकडे तेच असते.

जुमारचे दात चढताना पकड देतात, पण जोराचा झटका बसला तर दोराचे आवरण फाडतात. त्यामुळे जुमार हे पडल्यावर थांबवणारे साधन नव्हे. त्यासाठी दुसऱ्या दोरावर वेगळी, झटक्यात घट्ट होणारी पकड हवी. डायनीमाच्या गुळगुळीत दोरावर प्रुसिक घसरते आणि घर्षणाने तो दोर लवकर वितळू शकतो, कारण त्याचा वितळणबिंदू दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. असे दोर असलेल्या नौकेवर चढण्यासाठी वेगळा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा दोर हॅलयार्डने वर नेऊन ठेवणे शहाणपणाचे.

डोलकाठीला कायमच्या पायऱ्या असतील, तर चढणे सोपे होते. पण हॅलयार्ड त्यांत अडकतात आणि वाऱ्याला होणारा अडथळा आणि वजनही वाढते. पायऱ्या असल्या तरी सुरक्षा-दोर सुटत नाही. ओल्या बुटाला पायरी फक्त एक आधार देते, आणि आपला नियम दोन आधारांचा आहे.

भर समुद्रात एकट्याने चढणे किती खडतर असते, हे ब्रिटिश नाविक एलेन मॅकआर्थर यांनी दाखवले. २०००-०१ च्या ‘व्हेंडे ग्लोब’ या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत त्या २४ वर्षांच्या होत्या. त्यांच्या ‘किंगफिशर’ या ६० फुटी नौकेची डोलकाठी सुमारे २७ मीटर होती, आणि तिच्यावर त्यांना एकटीने चढावे लागले. शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या. पण अशा चढाईचा अर्थ अनेकजण चुकीचा काढतात. ती पर्याय उरला नसताना, तयारी आणि सरावाच्या बळावर केलेली होती. धक्क्यावर बांधलेल्या नौकेवर एकट्याने घाई करायला तसे कारण नसते.

वर असताना आणि उतरताना

डोलकाठीपासून बाहेर फेकले जाऊ नये म्हणून कमरेभोवतून डोलकाठीला एक पट्टा घालावा. स्प्रेडर, म्हणजे तारांना बाहेर रेटणारे आडवे दांडे, ओलांडताना तो सोडावा लागतो. म्हणून दोन पट्टे न्यायचे: दुसरा स्प्रेडरच्या वर अडकवायचा आणि मगच पहिला सोडायचा. आसनाच्या खालच्या कड्याला एक दोरी बांधून ती डेकवर कोणीतरी धरली, तर झोका बराच आवरतो. त्याच दोरीने अडकलेल्या माणसाला खाली ओढताही येते.

चढताना घाई नको. प्रत्येक सांध्यापाशी थांबून पाहायचे, छायाचित्र घ्यायचे, आणि शेंड्याचे काम झाल्यावर उतरतानाही पुन्हा पाहायचे. जुन्या स्प्लिट पिनेचे पाय सरळ करून ती पुन्हा वापरू नये. प्रत्येक खेपेस नवी पिन घालावी आणि तिच्या टोकाने शीड फाटू नये म्हणून वर टेप गुंडाळावी.

उतरवताना दोर विंचवरूनच, तळहात ड्रमवर टेकवून वळसे एकसारखे सरकवत सोडायचा. झटक्याने नाही. वरचा माणूस हालचाल न करता हार्नेसमध्ये लटकत राहिला, तर रक्त पायांत साचते आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून तो उत्तर द्यायचा थांबला, तर त्याला ताबडतोब खाली आणणे हे खालच्यांचे पहिले काम. तो स्वतः काहीही न करता खाली येऊ शकेल, अशी व्यवस्था चढाई सुरू होण्याआधीच असायला हवी. एकट्याने चढलेल्याला ही सोय नसते, आणि एकट्याने चढणे टाळण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

हे सारे शिकायला २५ मीटरची गरज नाही. हार्नेस बांधणे, प्रत्येक शब्द परत म्हणणे, पट्टा बदलणे, भार असताना वळसे राखणे, बेशुद्ध माणसाला उतरवणे, हे सगळे डेकपासून दोन मीटरवर करून पाहता येते. प्रत्येक नौकेवर दरवर्षी एकदा तरी हा सराव व्हावा, आणि त्यात विंचवरच्या माणसाची आणि वर जाणाऱ्याची जागा बदलावी. जो एकदा वर लटकला आहे, तो खाली उभा असताना दोरावरची नजर हलू देत नाही. आणि खालच्या दोघांपैकी कोणाच्याही मनात शंका असेल, तर चढाई होणार नाही, हा अधिकार त्यांना आधीच दिलेला असावा. वरच्या माणसाचे दोन्ही दोर शेवटी त्यांच्याच हातात असतात.